उशिरा पोचलेला दोर

फोन आमच्याकडे नव्हता, अजूनही नाही. कुणाचा आला तर खालच्या स्टेशनरीच्या दुकानात यायचा आणि दुकानदार गल्लीतूनच वर तोंड करून ओरडायचा. त्या दिवशी तो ओरडला नाही. जिना चढून वर आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, गावाकडचा फोन आहे. चपला घाला आधी." चपलांचं त्यानं का सांगितलं, बातमी कसली असणार, ते मला जिना उतरता उतरताच कळलं. पलीकडे आमच्या गावचे किसनकाका होते, गंगाखेडच्या बसस्टँडजवळच्या बूथवरून बोलत होते. "बाई गेल्या, माय. सकाळी चहा घितला, जरा पडते म्हनल्या, अन्... तशाच."  मागे एसटीचा हॉर्न वाजला, कोणीतरी कुणाला तरी हाक मारली, आणि मग त्यांनी जे विचारलं ते दुकानदाराच्या कानावर पडलं असतं तर म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही असंच त्याला वाटलं असतं. "दोर बाईच्याच घरी हाय. काम ऱ्हायलंय. आता त्यो कुणाच्या घरी जायचा?"

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. मराठवाडा विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला होता आणि गावोगाव माणसं अजून आवाज खाली ठेवूनच बोलत होती. अशा दिवसांत कुसुमआत्या गेली. माझ्या वडिलांची, म्हणजे आप्पांची, ही धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा वारला, ती माहेरी आली, शिकली आणि गावातल्याच शाळेत शिक्षिका झाली. सोनपेठहून गंगाखेडकडे जाणाऱ्या एसटीतून फाट्यावर उतरून थोडं चाललं की आमचं गाव लागतं. गावाच्या पायाशी गोदावरी आहे, पण तिला तिथं गोदावरी म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. सगळे गंगाच म्हणतात. आत्याचं घर घाटाच्या वरच्या अंगाला होतं आणि त्या घराची नदीकडची खिडकी खिळे ठोकून बंद केलेली होती. दहावी होईपर्यंत मी निम्मीअधिक तिथंच वाढले, त्यामुळे त्या खिडकीचा अंधार मला पाठ आहे. तांदूळ निवडताना, वह्या तपासताना, भर दुपारी आत्या एकदम हात थांबवायची आणि विचारायची, "कुणी हाक मारली का गं?" मी नाही म्हणायचे. ती तरीही उठून दारापर्यंत जाऊन यायची. आल्यावर पुन्हा तांदूळ निवडायला बसायची, जसं काही झालंच नाही. मला त्या प्रश्नाची भीती वाटायची, आणि भीती वाटते हे तिला सांगण्याची सोय नव्हती, कारण हाक कोणाची ते आम्हां दोघींनाही माहीत होतं.

बाळूकाका आमचा सगळ्यांत धाकटा काका. नात्यानं काका, वयानं माझ्याहून थोडाच मोठा. पाण्यात पडला की बाहेर निघायचं नाव नाही आणि बुडण्याचं सोंग करण्यात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. "बुडालो, अगं कुसे, बुडालो," अशी घाटावरून आरोळी ठोकायचा आणि आत्या घाबरून दारात आली की पाण्यात उताणा होऊन हसायचा. एका बाजारच्या दिवशी त्यानं तशीच आरोळी ठोकली. आत्या चुलीपुढे भाकरी थापत होती. तिनं ऐकली आणि भाकरी तव्यावर टाकली. घाटावर धुणाऱ्या बायकांनी ऐकली, पलीकडच्या काठावर नाव लावून बसलेल्या तुळशीराम भोयानं ऐकली. सगळ्यांना सोंग वाटलं. सोंग नाही हे कळलं तेव्हा लोक दोरासाठी देवळाकडे पळाले. गावात अंबाडीचा एकच लांब, जाड दोर होता आणि तो देवळाच्या खोलीत कुलपात असायचा. किल्ली गुरवाच्या कमरेला होती आणि गुरव सोनपेठच्या बाजारात गेला होता. दगडानं कुलूप फोडून दोर घाटावर आला खरा... पण ज्याच्यासाठी आणला तो तोपर्यंत डोहाच्या तळाला गेला होता.

त्यानंतर घाटावर रोज संध्याकाळी पिंपळाखाली बैठक जमायची. हॉटेलातून चहा यायचा आणि ज्यानं त्यानं आपली गोष्ट सांगायची. नाव अलीकडे असती तर, गुरवानं किल्ली ठेवली असती तर, बायकांनी आधी ओरडा केला असता तर. रोज सांगून सांगून त्या गोष्टीला चांगली धार आली होती. सांगणारे कुठे थांबायचं, कुठे उसासा टाकायचा, हे शिकले होते. तेरावा झाला आणि दुसऱ्या संध्याकाळी आत्या घाटावर गेली. मीही मागोमाग गेले. पुरुषांच्या घोळक्यापुढे ती उभी राहिली आणि म्हणाली, "रोज तुम्ही सांगायलात, रोज मी घरात बसून ऐकायले. पहिली हाक मी ऐकली होती. मला चेष्टा वाटली. हे माझं झालं. आता मला एवढंच सांगा, उद्या सकाळी कोण काय करणार?"  मग दहा जण एकदम बोलायला लागले. घाटाला साखळी लावू, जिल्ह्याला अर्ज देऊ, नवी नाव घेऊ. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एकच सांगा. एवढी कामं काढली की एकही होत नाही."

शेवटी ठरलं ते अगदी साधं: दोर कुलपात राहायचा नाही, नवा दोर पिंपळाला खुंटी मारून कायम टांगलेला राहील. तुळशीराम म्हणाला, "करतो की बाई, त्यात काय." आत्यानं देवळातून तो जुना दोर आणवला आणि त्याच्या खांद्यावर ठेवला. "करतो म्हणणारे लई बघितलेत. नवा दोर पिंपळाला लागेपर्यंत हा तुझ्या दाराला टांगायचा. आत नाही, दाराला." तुळशीरामनं हसून तो नेला, पण त्याच्या बायकोला हसू आलं नाही. मेलेल्या माणसासाठी निघालेला आणि उशिरा पोचलेला दोर, तो दारात लटकलेला कोणत्या बाईला चालेल? ती उठताबसता नवऱ्याला म्हणायची, "ही पीडा दारातून कवा जायची? त्या बाईला दोर दिऊन या आधी, मंग जेवा." चौथ्या दिवशी का पाचव्या दिवशी, नवा दोर पिंपळाला लागलेला होता. आत्यानं हे नीट पाहून ठेवलं. पुढं ती हसून म्हणायची, काम झालं का हे विचारायला मला कुणाच्या घरी जावं लागत नाही, त्याची बायको रोज विचारते.

तिथून ती पद्धतच पडली. वर्षा-दोन वर्षांत कोणीतरी बुडायचंच. धोंड्याच्या महिन्यात न्हायला आलेली परगावची माणसं, पोहायला उतरलेली पोरं, कधी वाळू काढलेल्या खड्ड्यात गेलेली गुरं आणि त्यांच्यामागे गेलेला गुराखी. मातीचं सगळं उरकलं की एक दिवस मध्ये जाऊ द्यायचा आणि मग पिंपळाखाली बसायचं. गावानं त्याला 'बाईचं बसणं' असं नाव पाडलं. काम ठरेपर्यंत चहा यायचा नाही. पहिल्यांदा ज्यानं त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं किंवा स्वतःच्या कानांनी ऐकलेलंच सांगायचं. 'म्हणे' आलं की आत्या हात वर करायची. मेलेल्याची चूक काढायची नाही. "तो आता सुधारणार नाही, तुम्ही सुधारलात तर बघा," असं ती तोंडावर म्हणायची. नशीब, गंगामाईची इच्छा, आयुष्याची दोरी, हे सगळं घरी जाऊन बोलायचं. आणि एका मरणातून एकच काम काढायचं, तेही कुणीतरी उद्या हातानं सुरू करू शकेल असं. ते जो अंगावर घेईल त्याच्या दाराला तो जुना दोर जाणार, आणि काम झालं की आत्याच्या ओसरीत परत येणार. बसताना ती स्वतः नदीकडे पाठ करून बसायची आणि बाकीच्यांना पाण्याकडे तोंड करून बसवायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "त्यांना पाणी दिसलं पाहिजे. पाण्याकडे बघून माणूस फार खोटं बोलत नाही." आणि तू? असं मी विचारलं नाही. बाळूकाका गेल्यापासून ती नदीकडे बघतच नव्हती. धुणंसुद्धा आडाच्या पाण्यावर.

मी आज परभणीत ज्या कार्यालयात नोकरी करते तिथं महिन्याला आढावा होतो. झालेल्या चुका मोठ्या प्रामाणिकपणे मांडल्या जातात, साहेब मान डोलावतात, शेवटी 'योग्य ती कार्यवाही करण्यात यावी' असं लिहिलं जातं आणि बिस्किटं येतात. पुढच्या महिन्यात त्याच चुका तितक्याच प्रामाणिकपणे पुन्हा मांडल्या जातात. मला तिथं बसल्या बसल्या चीड येते, आणि मग माझं लक्ष दाराकडे जातं. या सगळ्यांच्या दाराला एकेक असा दोर टांगला पाहिजे, असं मनात येतं. पण आत्याची पद्धत फार शहाणी होती आणि तिनं सगळं सुरळीत केलं, असंही मला सांगायचं नाही. त्या पद्धतीत एक भोक होतं आणि ते तिला स्वतःला दिसलं नव्हतं. ते दिसायला एक पोर जावं लागलं.

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला ते साल, अठ्ठ्याहत्तर. आमच्या गावात घरं जळली नाहीत, एवढं गाव अजूनही अभिमानानं सांगतं. पण बौद्धवाड्यातल्या माणसांना शेतात काम मिळेना, पिठाची गिरणी त्यांच्यासाठी बंद झाली आणि दोन्हीकडची माणसं समोरासमोर आली तर रस्ता बदलू लागली. त्यातच पोळा आला. दुपारी बैल धुवायला सगळे नदीवर. माणिकराव पाटलांचा दिगू, माझ्याच वर्गातला, हाताला कासरा गुंडाळून बैल पाण्यात घालत होता. बैल बुजला आणि पोराला घेऊन डोहाकडे गेला. बैल पलीकडून निघाला. दिगू निघाला नाही. पिंपळावरचा दोर लगेच आला, तुळशीरामची नाव आली, पोहणारे होते तेवढे उतरले, पण डोहाच्या तळापर्यंत बुडी मारणारा आमच्या गावात एकच माणूस होता. तो म्हणजे किसनकाका. त्यांचं घर घाटापासून बाभळीच्या रांगेपलीकडे, बौद्धवाड्यात, हाकेच्या अंतरावर. त्या दिवशी ते घरीच होते. काम कोण देत होतं त्यांना? आणि एवढ्या माणसांतून एकानंही त्यांना हाक मारली नाही.

बाईचं बसणं झालं. ज्यानं त्यानं पाहिलेलं सांगितलं. बैल कसा बुजला, पाणी किती गढूळ होतं, नाव किती वेळात आली. सगळं खरं. पाण्याकडे बघून सांगत होते आणि खोटं कोणीच बोलत नव्हतं. आत्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "किसनला हाक कोणी मारली?"  एकानं घसा साफ केला आणि दिवस कसे आहेत बाई, असं काहीतरी म्हटलं. आत्या म्हणाली, "दिवसांचं मी विचारलं नाही." त्या बसण्यातून काम असं काही ठरलं नाही, कारण ते काय आहे हे सगळ्यांना कळलं होतं आणि कोणालाच ते अंगावर नको होतं. लोक उठून गेल्यावर आत्यानं ओसरीतला दोर स्वतःच्या खांद्यावर घेतला. तोपर्यंत तिनं तो दुसऱ्यांनाच दिला होता.

मी तिच्याबरोबर गेले. किसनकाका अंगणात बाज आवळत बसले होते. ते उठले नाहीत, बसाही म्हणाले नाहीत. आत्या म्हणाली, "किसन, पुढच्या वेळी बोलावलं तर येशील का, हे विचारायला आले." त्यांनी दोराकडे बघितलं. म्हणाले, "बुडणाऱ्याला जातगोत नसतंय बाई. कानावर आलं असतं तर बलावन्याची वाट कशाला बगितली असती म्या? यिऊच दिलं न्हाई कानावर." मग त्यांनी सुंभ ओढून घट्ट केला. "अन् दुसरं सांगू का. तुमी मला निसतं बुडी मारायला बलावता. मानूस काडून दिला की म्या घरी, अन् तुमी समदे पिंपळाखाली बसून इचार करायचा. बसायला कवा बलावलं? तुमच्या बाळूला म्याच काडलं व्हतं. तळाला काय व्हतं, कसं व्हतं, इचारलं का कुनी?"   स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच सांगायचं असा नियम आत्यानं केला होता, आणि ज्यानं सगळ्यांत जास्त पाहिलं तोच माणूस तिच्या बसण्यात कधी नव्हता. ती एवढंच म्हणाली, "चुकलं." किसनकाका म्हणाले, "बसायचं आसंल तर हितं बसा. एक डाव तरी."

गावात ही खबर गेली तेव्हा हसणारे हसले आणि चिडणारे चिडले. आप्पासुद्धा म्हणाले, "कुसे, वखत बघ जरा, हे पुढं कधी करता येईल." आत्या म्हणाली, "दोर माझ्या दाराला आहे, आप्पा." ठरल्या दिवशी तिथं कोण जाणार? तुळशीराम आला, त्याच्यामागून त्याची बायको आली. कुरकुरत का होईना, आप्पा आले. किसनकाकांच्या आळीतली माणसं आपापल्या दारात हाताची घडी घालून उभी होती. आणि मग बाभळीच्या रांगेतून माणिकराव पाटील आले, एकटे, डोकं भादरलेलं, पोराचे दिवस नुकतेच उरकलेले. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं. ते जमिनीवर बसले. त्यांची पाळी शेवटी आली. ते म्हणाले, "मी काठावर होतो. पोरगं एकदा वर आलं... मला दिसलं. किसनचं नाव माझ्या तोंडात आलतं. तोंडात आलतं, पण भायेर काडलं न्हाई. इकडंतिकडं बघितलं, कोण कोण उभं हाय ते. तेवढ्यात..."  किसनकाकांची बायको आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. माणिकरावांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि घटाघटा प्यायले. माझ्या आयुष्यात मी पाहिलेली सगळ्यांत भयंकर गोष्ट कोणती असं कोणी विचारलं तर मी बुडालेल्या माणसांतलं एकही सांगणार नाही. त्या दुपारचं माणिकरावांचं पाणी पिणं सांगेन.

काम काढलं ते किसनकाकांनी. म्हणाले, नावानं हाक मारायची भानगडच नको. मधल्या लिंबाला शाळेत असतो तसा लोखंडी रूळ टांगा. जो बघंल त्यानं बडवायचा, जो ऐकंल त्यानं पळायचं; कोण बडवायलंय अन् कोण पळायलंय ते मागून बघू. "जिम्मा कुणाचा?" आत्यानं विचारलं. माणिकरावांनी हात पुढे केला. पाटलांच्या वाड्याच्या दरवाज्याला तो दोर लटकलेला गावानं पाहिला. ते स्वतः गाडी जुंपून गंगाखेडला गेले, भंगारवाल्याकडून रुळाचा तुकडा आणला आणि दोन्ही आळ्यांच्या मधल्या लिंबाला टांगला. मग दोर परत द्यायला आत्याकडे आले तेव्हा म्हणाले, "किसनरावला बोलवा, बाई. त्यांनी एक डाव वाजवून बघावं, तिकडं ऐकू जातंय का." किसनराव हे नाव गावात त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारलं गेलं. यानं गाव बदललं असं मी म्हणणार नाही; गिरणी त्यानंतरही कितीतरी दिवस त्यांच्यासाठी बंदच होती. पण बाईच्या बसण्यात पहिल्यांदा बोलायचा मान तेव्हापासून किसनकाकांचा झाला, कारण तळ त्यांनी पाहिलेला असायचा.

रुळानं माणसं वाचली. काही वाचली नाहीत. वाचलेली विसरून जातात आणि न वाचलेली जवळ येऊन बसतात, हे मला आत्याकडे बघून कळलं. वर्षं गेली तशी ती जास्तच थकत गेली. सुट्टीत मी गेले की ओसरीतल्या खुंटीवर तो दोर असायचा, किंवा नुसती खुंटी असायची आणि मग मी मनात विचार करायचे, आता कोणाच्या दाराला असेल, कोण गेलं असेल. परभणीत अजूनही शाळेजवळून जाताना घंटा झाली की माझे पाय पळायला उचलले जातात. पोरं दप्तरं घेऊन हसत बाहेर पडतात आणि मी रस्त्याच्या कडेला उभी असते.

शेवटचं बसणं मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस झालं. धुणं धुवायला गेलेली एक मुलगी पायरीवरून सरकली. कमरेच्या वर, गळ्याच्या आसपास पाणी, फार नाही. बरोबरीच्या मुली काठावर किंचाळत उभ्या होत्या. एकीनं पळत जाऊन रूळ बडवला, माणसं आली, पण रुळापर्यंत जाऊन येण्याइतका वेळ पाण्यानं दिला नाही. बसण्यात किसनकाकांची मुलगी रमा बोलली. ती त्या मुलींत होती. म्हणाली, "रूळ वाजला, समदे आले, समदं बरोबर झालं. पन आमी चौघी तिथंच व्हतो, तिच्याजवळ. एकीला बी पवता येत न्हवतं." मुलींना पोहायला शिकवायचं, हे काम निघालं. पुरुष एकमेकांकडे बघून हसले. बायका पोहणार म्हणजे काय, कोण शिकवणार, लुगड्यावर का? हसणं थांबल्यावर आत्यानं दोर घेतला. ती दम लागून पायरी चढणारी बाई, नदीकडे पाठ करून बसणारी.

दिवाळीला मी गेले ती आमची शेवटची भेट. घर जरा वेगळं वाटत होतं, उजेड जास्त होता, आणि थोड्या वेळानं लक्षात आलं की नदीकडच्या खिडकीचे खिळे काढलेत. दुपारी ती म्हणाली, चल. आम्ही घाटावर गेलो. ती शेवटच्या पायरीपर्यंत उतरली, बसली, नऊवारी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि पाय पाण्यात सोडले. पाण्याकडे तोंड करून. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, बघवलं नाही. "रोज येऊन बसते," ती म्हणाली. "आधी पायांना सवय होऊ दे. मग गुडघ्यापर्यंत. रमाला आता तिच्या बापानं शिकवलंय थोडं. मुली म्हणतात, बाई उतरल्या तर आम्ही उतरतो. आता मी नाही उतरले तर त्या कशा उतरतील?" मी म्हटलं, आत्या, तुला दम लागतो, दुसऱ्या कोणाला तरी दे हे काम. ती म्हणाली, "दोर कोणाच्या दाराला आहे?"  ऊन पाण्यावर पसरलं होतं. मध्येच तिनं मान वर केली, मला वाटलं आता हाकेचं विचारणार. पण त्या दिवशी तिनं विचारलं नाही. पाण्याकडे बघत हलकेच म्हणाली, "बाळ्या, थांब रे जरा. येतेय." ... हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

दशक्रिया त्याच घाटावर झाली. आमच्याकडे बायका सहसा जात नाहीत, पण मी गेले आणि मला कोणी अडवलं नाही. पिंड ठेवला, सगळे मागे सरले. पिंपळावर कावळे होते, खाली येत नव्हते. जसजसा वेळ गेला तसं एकेक जण हात जोडून बोलायला लागला. काळजी करू नको, आम्ही सगळं नीट करू. घराकडे लक्ष ठेवू. तुझी इच्छा पूर्ण करू. मी ऐकत होते आणि मला रडू यायच्या ऐवजी राग येत होता. आत्यापुढे असं बोलायची हिंमत झाली असती का कोणाची? कोण लक्ष ठेवणार, काय नीट करणार, उद्या सकाळी कोण काय करणार? किसनकाका मागे उभे होते, आता वाकलेले. त्यांनी तो दोर बरोबर आणला होता. ते पुढे आले आणि पिंडाकडे नाही, आमच्याकडे बघून म्हणाले, "काम ऱ्हायलंय. कोन घेतं?" मी पाण्याकडे पाठ केली आणि त्यांच्यापुढे हात धरले. मला स्वतःला पोहता येत नाही. कावळा त्याच्या आधी शिवला की नंतर यावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही, त्यामुळे मी त्यात पडत नाही.

दोर परभणीत, माझ्या भाड्याच्या खोलीच्या दाराला टांगलाय. रविवारी पहिल्या गाडीनं मी तो घेऊन गावी जाते. रमा तो आम्हां एकेकीच्या कमरेला बांधते, दुसरं टोक वर पायरीवर किसनकाकांच्या हातात असतं, आणि आम्ही उतरतो. पहिल्या रविवारी फक्त पाय. आता छातीपर्यंत. परत येते तेव्हा दोर पाणी पिऊन इतका जड झालेला असतो की कंडक्टर दर वेळी विचारतो, ताई, विहिरीचा का? घरमालकीणबाईंनाही तो आवडलेला नाही. काल त्या म्हणाल्या, "दारात असं ओलं काही लटकवू नये हो. कधी काढणार?" मी म्हटलं, काम झालं की. त्या गेल्या, मी कणीक मळायला घेतली, आणि मळता मळता माझा हात थांबला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरी मी विचारलं, कुणी हाक मारली का? मग उठून दारापर्यंत गेले. जिन्यात कोणी नव्हतं. परत फिरताना दोराला हात लागला. तो अजून ओलाच होता.